हजार दिवस आणि एक कावळी

अपघात होत नसतात, अपघात केले जातात!

हे वाक्य माझं आहे. जगात आणखी कोणी म्हटलं असेल तर असेल, पण ते दोन रंगांत छापून कारखान्याच्या प्रत्येक दारावर मी लावलंय आणि शेजारी माझा फोटोही आहे. पिवळं हेल्मेट, झुपकेदार मिशी, वर केलेलं बोट आणि नजर अशी, की बघणाऱ्याने आपोआप बुटाची नाडी तपासावी!

मी सुरक्षा अधिकारी आहे, पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात. आता तुम्ही म्हणाल, पुठ्ठ्यात कसला आलाय धोका? झालं! नेमकं हेच ऐकलं की माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात. पुठ्ठ्याची कड एकदा बोटाच्या पेरावरून फिरू द्या, मग बोलू.

घरीही मी ढिलाई चालू देत नाही. आमच्या टेबलाच्या चारही कोपऱ्यांना स्पंज आहे. गॅसचं बटण मी झोपण्यापूर्वी तीनदा तपासतो आणि चौथ्यांदा बायकोला विचारतो. मुलीच्या सायकलीची मागची दोन जादा चाकं ती दहा वर्षांची झाल्यावर निघाली, तीही मी बाहेरगावी असताना.

पण माझा खरा अभिमान म्हणजे गेटजवळच्या झाडाखालचा फलक. वर लिहिलंय 'अपघातमुक्त दिवस' आणि खाली तीन खिळे. त्या खिळ्यांवर पत्र्याचे आकडे अडकवायचे. रोज सकाळी आठला पाच कमी असताना मी हेल्मेट घालून शिडी चढतो आणि कालच्या आकड्यात एक मिळवतो. तेवढं झालं की मला दिवस सुरू झाल्यासारखा वाटतो.

"साहेब, आकडा मी बदलत जाऊ का?" आमचे वॉचमनकाका महिन्यातून एकदा तरी विचारायचे.

"काका, ज्याचं काम त्याने करावं."

"माझंच काम आहे हो साहेब. नेमणुकीच्या कागदात लिहिलंय."

मला त्या वेळी नेमकं ऐकू यायचं नाही.

आता हा आकडा नुसत्या शोभेचा नव्हता. मालकीणबाईंनी शब्द दिला होता : हजार दिवस भरले, की अख्ख्या कारखान्याला आठ दिवसांची भरपगारी सुट्टी! एकशे वीस माणसं त्या आकड्याकडे डोळे लावून बसली होती. आणि घरी बसली होती एकशे एकविसावी.

माझ्या बायकोला समुद्र बघायचा होता. अकरा वर्षं बघायचा होता. एका वर्षी मी लाटांचं कारण सांगितलं, एका वर्षी ओहोटीचं, एका वर्षी वाळूतल्या काचांचं. पुढेपुढे ती विचारायचीच बंद झाली, आणि ते मला लाटांपेक्षा जास्त धोक्याचं वाटायला लागलं. म्हणून या वेळी मी शब्द दिला होता. हजार दिवस, आठ दिवस सुट्टी, समुद्र! नऊशे पन्नासाव्या दिवशीच तिने माळ्यावरून बॅग काढली.

"या वेळी नाही गेलो ना," ती बॅग पुसत म्हणाली, "तर मी एकटी जाईन. आणि पोहायलाही शिकेन!"



नियम साधा होता, मीच केलेला. औषधपेटी उघडावी लागली, की तो अपघात आणि आकडा परत शून्य! पेटीला मी लाखेचं सील लावलं होतं. नऊशे त्र्याऐंशी दिवस ते सील जसंच्या तसं होतं.

नऊशे चौऱ्याऐंशीव्या दिवशी मी शिडीवर चढलो, तिसऱ्या खिळ्यावरचा तीन काढला, चार उचलला आणि हेल्मेटवर आवाज झाला. टक्!

वाळकी फांदी पडली असेल, म्हणून मी मान वर केली. काहीच नाही. मान खाली घातली. टक्!

"काका! दगड कोण मारतंय?"

"दगड नाही साहेब, कावळी आहे," काका खालून म्हणाले. "वर घरटं केलंय तिने. आपल्याच तारेचं."

खरंच! खोकी शिवायची जी तार आम्ही वापरतो, तिचे तुकडे वळवून वळवून ह्या कावळीबाईंनी फांदीच्या बेचक्यात पक्कं घर बांधलं होतं. तिसऱ्या खिळ्यापासून जेमतेम एक हात वर.

"परवानगी कोणी दिली?" मी ओरडलो.

"मागितली नाही साहेब तिने."

"आणि तुम्हाला नाही मारत?"

"मला? छे! मी तर दिवसभर इथेच खाली स्टुलावर असतो. डबासुद्धा इथेच खातो."

मी थेट मॅनेजरकडे गेलो. घरटं ताबडतोब हलवा, हा कारखाना आहे, प्रसूतिगृह नाही, वगैरे. मॅनेजर शांतपणे म्हणाले, "अंडी आहेत त्यात. पिल्लं उडेपर्यंत हात लावायचा नाही. मालकीणबाईंना पाखरांचं फार वेड आहे, कळलं तर माझी नोकरी जाईल. आणि दोनदा टक् झालं तर काय एवढं? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली."

"फांदी मोडली नाही! माझं डोकं मोडलं असतं!"

"हेल्मेट होतं ना?"

ह्या माणसाला माझंच शस्त्र माझ्यावर उलटवायची सवय आहे.

दुसऱ्या दिवशी मी छत्री नेली. एका हातात छत्री, एका हातात आकडा, शिडी धरायला हात नाही! माझ्याच नियमपुस्तकातलं कलम चार मी स्वतः मोडत होतो. कावळी छत्रीवर आलीच नाही. ती छत्रीखालून आली.

तिसऱ्या दिवशी मी वेगळाच डाव टाकला. रात्रीतून मिशी उडवली! अठरा वर्षांची मिशी. सकाळी बायकोने मला न्हाणीघरातून बाहेर येताना पाहिलं आणि हातातला पेला तसाच धरून राहिली.

"अहो... तुम्हीच का?"

"मीच. एका पक्ष्यापासून लपतोय."

ती दोन मिनिटं माझ्याकडे बघत राहिली आणि चक्क लाजली. "पक्षी काही का म्हणेना," ती म्हणाली, "परत ठेवू नका."

पक्षी काय म्हणाला ते सांगतो. मी शिडीवर चढलो. कावळी फांदीवर बसून मान इकडून तिकडे करत मला न्याहाळत होती. एक डोळा, मग दुसरा डोळा. फसली! मी मनात म्हटलं. तिने आणखी दोन क्षण विचार केला. टक्!

पुढच्या चार-पाच दिवसांत आमचं प्रकरण गेटपुरतं राहिलं नाही. मी तोंडाला मफलर गुंडाळून स्कूटर लावायला गेलो, तरी ती पत्र्यावर बसलेली. जेवायला खिडकीशी बसलो की ती बाहेर, काचेला चोच लावून. एकशे वीस माणसं बिनघोर ये-जा करत होती, त्यांच्या डोक्यावरचा केस हलत नव्हता. माझी मात्र पाचावर धारण बसली होती!

आणि नऊशे नव्वदाव्या दिवशी व्हायचं तेच झालं. ती मागून आली, मी दचकलो, शिडी हलली, माझा एक पाय सुटला! काकांनी खालून घोटा धरला म्हणून निभावलं. सगळ्या खिडक्यांतून एकशे वीस माणसांनी एकदम श्वास ओढल्याचा आवाज मी स्वतःच्या कानांनी ऐकला.

"साहेब पडले असते तर?" कोणीतरी खिडकीतून म्हणालं.

"साहेब पडले तर पडू देत, सुट्टी पडता कामा नये!" दुसरा म्हणाला.

त्या दिवसापासून मी एक माणूस राहिलो नाही, मी सगळ्यांची सुट्टी झालो. ह्यात पुढाकार घेतला तो छपाईखात्याच्या प्रमुखाने. ह्या गृहस्थांना सगळे 'तुफान' म्हणतात, कारण ते काम ऐकून घेण्याआधीच करून टाकतात. तासाभरात ते फ्रिजचं एक रिकामं खोकं घेऊन आले. समोर दोन भोकं, खाली पाय बाहेर काढायला जागा आणि चारही बाजूंना ठळक छापलेलं : 'नाजूक माल. ही बाजू वर.'

"शिरा!" तुफान म्हणाले.

"मी सुरक्षा अधिकारी आहे!"

"म्हणूनच शिरा!"

शिरलो. काय करणार? रस्त्याच्या कोपऱ्यावर काका खोकं घेऊन उभे असायचे. मी स्कूटरवरून उतरायचो, खोक्यात शिरायचो आणि खोकं चालत चालत गेटातून आत यायचं. फलकाशी आलं की वरचं झाकण जरासं उघडायचं, एक हात बाहेर यायचा, आकडा बदलायचा. कावळी खोक्यावर बसून आत कोण आहे ह्याचा विचार करायची.

दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी माल चढवायच्या धक्क्याजवळ माझ्या बुटाची नाडी सुटली. सुटलेली नाडी म्हणजे पडलेला माणूस, हेही माझंच वाक्य. मी जागच्या जागी खोक्यात खाली बसलो. तेवढ्यात खोकं उचललं गेलं!

"अरे, हे जड कसं लागतंय?" बाहेरून हमालाचा आवाज.

"ओला पुठ्ठा असेल. ढकल."

"अहो, मी आहे!" मी आतून ओरडलो. पण तोवर ट्रक सुरू झाला होता आणि ट्रकच्या आवाजापुढे माझं कोण ऐकतो? ट्रक गेटपर्यंत गेला. तिथे काकांनी नेहमीप्रमाणे माल मोजला.

"एक खोकं जास्त आहे," ते म्हणाले आणि त्यांनी झाकण उघडलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"साहेब," काका हळूच म्हणाले, "तुमचा गेटपास नाहीये."

त्या संध्याकाळी घरी मी सोफ्यावर आडवा पडलो आणि कावळ्यांच्या जातीला शिव्या घालायला सुरुवात केली. माझी अकरा वर्षांची मुलगी गृहपाठ करत होती. तिला पाखरांचं सगळं पाठ. तिने पेन्सिल खाली ठेवली.

"बाबा, ती दुष्ट नाहीये. ती घाबरलीये."

"ती? घाबरलीये? अगं, मी खोक्यात बसून कामाला जातो!"

"तू तिच्यापेक्षा केवढा मोठा आहेस बघ ना. मोठं कोणीतरी घरट्याजवळ आलं की तिने दोनच गोष्टी करायच्या. पळायचं, नाहीतर अंगावर जायचं. ती पळाली तर अंड्यांना कोण? अंड्यांना काही पळता येत नाही. म्हणून ती झडप घालते. तुला लागावं म्हणून नाही, तू जावंस म्हणून. पिल्लं मोठी होईपर्यंतच असतं ते."

"आणि मागूनच का येते? समोरून ये म्हणावं!"

"समोरून तुझे डोळे दिसतात ना. तिला भीती वाटते. काही लोक डोक्याच्या मागे मुखवटा बांधतात, म्हणजे पक्ष्याला वाटतं की—"

मी ताडकन उठून बसलो. "मुखवटा! डोक्यामागे!"

"हो, पण बाबा, कावळ्यांचं अजून एक असतं. ते ना—"

"पुरे! मुद्दा कळला!"

आयुष्यात मी पुष्कळदा 'पुरे' म्हटलंय. एवढं महाग एकही पडलेलं नाही.

माझ्या डोळ्यांपुढे हजारावा दिवस उभा राहिला. सकाळी आठला मालकीणबाई येणार, अख्खा कारखाना झाडाखाली जमणार. आज कावळी मला मारतेय, उद्या सगळ्यांना मारेल! एकाला जरी ओरखडा गेला, तर पेटीचं सील तुटणार आणि समुद्र गेला. दुसऱ्या दिवशी मी फर्मान काढलं : समारंभाला प्रत्येकाने डोक्यामागे मुखवटा बांधायचा. कोणालाही सूट नाही!

"पण साहेब, ती फक्त तुम्हालाच—" काका सांगायला लागले.

"काका! 'फक्त तुम्हालाच' ही निष्काळजीपणाची पहिली पायरी आहे!"



मी तुफानांकडे गेलो. "मालकीणबाई धरून एकशे एकवीस मुखवटे हवेत. माणसाचा चेहरा, मोठे डोळे, जरा दरारा असलेला..."

"झाले!" तुफान म्हणाले.

"अहो, अजून सांगितलं कुठे?"

"चेहऱ्याचा ठसा तयारच आहे की! तुमचाच! दारावरच्या पोस्टरचा. मोठे डोळे, दरारा, मिशी, वर केलेलं बोट, सगळं आहे. पुठ्ठ्यावर मारतो, कापतो, रबर लावतो."

आता खरं सांगतो. ह्या वेळी मी 'नको' म्हणायला हवं होतं. कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता. पण एकशे एकवीस डोक्यांवर आपला चेहरा, ही कल्पना ऐकून मला आतून इतकं गोड वाटलं, की मी फक्त एवढंच म्हणालो, "हेल्मेटचा पिवळा जरा उठून येऊ द्या."

हजारावा दिवस उजाडला! बायकोने बॅग दाराशी आणून ठेवली होती. "संध्याकाळच्या गाडीची वेळ मी बघून ठेवलीये," ती म्हणाली. एवढंच. पण तिने नवी चप्पल बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवलेली मी पाहिली होती.

आठ वाजता सगळे झाडाखाली जमले. मालकीणबाई आल्या. लहानशा चणीच्या, पांढऱ्या केसांच्या, कापडी बूट घातलेल्या बाई. मी स्वतः त्यांच्या डोक्यामागे मुखवटा बांधला.

"हे तुम्हीच ना?" त्यांनी विचारलं.

"हो बाई."

"मागून बरे दिसता."

त्या फलकाकडे तोंड करून, फलकापासून दहा पावलांवर, इमारतीच्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि सगळे त्यांच्याकडे तोंड करून. म्हणजे झाडाकडे सगळ्यांच्या पाठी. म्हणजे घरट्याकडे... लक्षात येतंय ना? मला तेव्हा आलं नाही!

जरा त्या कावळीच्या जागी बसून बघा. सोळा दिवस तुम्ही जिवाचं रान करून एका माणसापासून घर वाचवताय. रोज सकाळी तो तुमच्या अंड्यांपर्यंत हात आणतो, रोज तुम्ही त्याला हाकलता. मध्ये तो मिशी काढून येतो, खोक्यात बसून येतो. आणि एके दिवशी डोळे उघडावेत, तर तो एकशे एकवीस होऊन आलेला! मिशीसकट! सगळे बोट वर करून तुमच्याकडे बघतायत!

आधी सगळं शांत झालं. मग वरून एक 'काव' आलं. असं 'काव' मी जन्मात ऐकलं नव्हतं. त्याला उत्तर म्हणून तिचा नवरा आला. मग शेजारी आले. मग पलीकडच्या गल्लीतले आले. तारांवर, पत्र्यावर, भिंतीवर कावळेच कावळे!

"मित्रहो," मालकीणबाई म्हणाल्या, "हा आनंदाचा—"

टक्! टक्! टक् टक् टक्!

"आई गं!"

"पळा!"

"पळू नका! रांगेत चला!" मी ओरडलो. "कलम नऊ! घाई म्हणजे—" टक्!

ऐकतंय कोण! आणि पळून उपयोग काय? जो जो पळत होता, तो पाठ दाखवत होता आणि प्रत्येकाच्या पाठीमागे मी होतो! मॅनेजर स्टुलाखाली शिरले, पण स्टूल लहान आणि माझा चेहरा बाहेर. तुफान तर हुकूम यायच्या आधीच आत पोहोचले होते. मालकीणबाई पायरीवर ताठ उभ्या होत्या आणि त्यांच्या डोक्यामागे एक कावळा माझं नाक उपटत होता.

"मुखवटे काढा!" काकांचा आवाज सगळ्यांच्या वर चढला. "साहेबांचा चेहरा काढा! फेका तो!"

एकशे एकवीस माणसांनी माझा चेहरा जमिनीवर फेकला. कोणी तुडवलाही. कावळे क्षणात माणसांना सोडून त्या ढिगावर तुटून पडले. आम्ही आत शिरून दार लावलं आणि खिडकीतून बघत बसलो. बाहेर माझ्या मिशा वाऱ्यावर उडत होत्या.

मी धावत औषधपेटीपाशी गेलो. "कोणाला लागलंय?" मी विचारलं. डोळ्यांपुढे ती नवी चप्पल दिसत होती. "रक्त? ओरखडा? कोणालाही?"

लोकांनी हात बघितले, माना चाचपल्या. एकमेकांना फिरवून तपासलं. काही नाही! सगळे घाव पुठ्ठ्याने झेलले होते. एकशे एकवीस नाकं गेली होती, पण सगळी माझी.

"सील?" मॅनेजरने विचारलं.

"शाबूत!" मी ओरडलो आणि मला रडू आलं. सुरक्षा अधिकारी असूनही आलं.

मालकीणबाई खुर्चीवर बसल्या, केस नीट केले आणि म्हणाल्या, "आता मला कोणीतरी सांगा, हे काय होतं?"

मी तोंड उघडलं. पण काका पुढे झाले.

"बाई, कावळा चेहरा विसरत नाही. झाडाखालून एवढी माणसं जातात, ती कोणाला काही करत नाही. पण साहेब रोज सकाळी घरट्याजवळ हात नेतात. तिने साहेबांचा चेहरा पाठ केलाय. आकडा मी बदलला असता तर..." ते थांबले. "म्हणजे ते माझं कामच आहे. कागदात लिहिलंय."

 मला त्या क्षणी जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. हात दाखवून अवलक्षण! कारखान्यात नऊशे त्र्याऐंशी दिवस धोका नव्हता. जो आला, तो रोज सकाळी आठला पाच कमी असताना मीच शिडीवरून घेऊन जात होतो.

"अंड्यांचं काय झालं?" मालकीणबाईंनी विचारलं.

"आजच फुटलीत बाई. पहाटेपासून पिल्लांचा आवाज येतोय."

बाई माझ्याकडे वळल्या. "बघा," त्या म्हणाल्या, "सोळा दिवस तिने घर सांभाळलं. एकालाही जखम न करता. तुम्हालासुद्धा नाही. तुमच्याच खात्यातली वाटते मला." मग त्या हसल्या. "सुट्टी आत्तापासून सुरू. पुढचं गेट आठ दिवस बंद, काकांनाही सुट्टी. तिला जरा शांतता मिळू दे. आणि आकडा काका लावतील."

काय तो जल्लोष! काका शिडीवर चढले. कावळीने त्यांच्याकडे पाहिलं आणि पिल्लांकडे वळली. काकांनी नऊशे नव्व्याण्णवचे तिन्ही आकडे काढले, एक शून्य लावला, दुसरा लावला, तिसरा लावला आणि हातात एकचा पत्रा धरून खिडकीकडे वळले.

"साहेब, चौथा खिळा कुठाय?"

मी फलकाकडे पाहिलं. खिळे तीन. हजार दिवस मी त्या फलकापुढे उभा राहत होतो आणि हजाराला चार आकडे लागतात, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं!

"राहू द्या तसंच!" मी खिडकीतून ओरडलो. "आठ दिवस गेट बंद आहे. बघतंय कोण?"

आम्ही समुद्रावर गेलो. बायकोची एकच अट होती, माझा फोन घरी ठेवायचा, नाहीतर मी दर तासाला काकांना फोन केला असता. पहिल्या संध्याकाळी तिने चपला हातात घेतल्या, घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि एकटीच हसत सुटली. मला वाटलं, अकरा वर्षं मी हिला कशापासून वाचवत होतो? मी बूट काढले आणि तिच्याशेजारी जाऊन उभा राहिलो. नाडी वाळूत लोळत होती, पण मी बघितलं नाही. वाळूत काच कुठेही नव्हती.

नवव्या दिवशी कामाला दहाला यायला सांगितलं होतं. मी अर्थातच सव्वानऊला पोहोचलो. गेटसमोर दहा-पंधरा माणसं उभी होती. समोरचा पंक्चरवाला, शेजारच्या कारखान्यातले काही, दोन ट्रक ड्रायव्हर. गेटला साखळी. वर फलक : अपघातमुक्त दिवस ०००. खाली जमिनीवर जागोजागी फाटलेले माझे चेहरे. आणि गेटवरच्या माझ्या पोस्टरपुढे फुलं! गुच्छच्या गुच्छ! एका चिठ्ठीवर शेजारच्या सुरक्षा अधिकाऱ्याने लिहिलं होतं, 'फार दक्ष माणूस होता. अपघात होत नसतात, केले जातात.'

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

पंक्चरवाल्याच्या हातातला पाना खाली पडला. त्याचं दुकान नऊला उघडतं, त्या दिवशीचा गोंधळ त्याने पाहिला नव्हता, नंतरचा पसारा तेवढा पाहिला होता. तो पुढे आला, माझा चेहरा निरखला आणि माझे दोन्ही हात हातात घेतले.

"तुम्ही त्यांचे धाकटे भाऊ ना?" तो भरल्या गळ्याने म्हणाला. "चेहरा तोच, फक्त मिशी नाही."

"अहो, मीच तो! मिशी काढली!"

"कधी? आम्ही कधी बघितलं नाही!"

बघणार कसे? मिशी गेल्यावर चार दिवस तर मी मफलर गुंडाळून येत होतो आणि त्यानंतर खोक्यातून! मी घसा फोडून सांगत होतो. कावळी, खिळा, मुखवटे, समुद्र. ते एकमेकांकडे बघून माना हलवत होते.

"धक्का बसलाय बिचाऱ्याला," एक ड्रायव्हर म्हणाला. "पाणी द्या कोणीतरी."

मी ओळखपत्र काढायला खिशात हात घातला. ते घरी, फोनशेजारी! आता ह्या जगात मीच मी आहे, हे सांगणारं कोण?

आणि हेल्मेटवर आवाज झाला. टक्!